फवारणीआधी एक छायाचित्र

गतवर्षीच्या खरीप हंगामात, भाद्रपदाच्या आरंभी, घोरावाडी येथील एका भातखाचरावर जाण्याचा प्रसंग आला. पुणे-लोणावळा लोहमार्गावरील एक लहानसे स्थानक म्हणून हे गाव प्रवाशांना ठाऊक आहे. जवळच्या घोरावडेश्वराच्या डोंगरातील प्राचीन लेण्यांमुळे ते भाविकांना व अभ्यासकांनाही परिचित आहे. इंद्रायणी व पवना या दोन नद्यांमधील या पट्ट्यात वस्ती झपाट्याने वाढत आहे. तथापि जी खाचरे शिल्लक आहेत त्यांत भाताचे पीक अद्याप निष्ठेने घेतले जाते. वडगाव मावळच्या कृषि संशोधन केंद्राने १९८७ साली प्रसारित केलेला इंद्रायणी हा सुवासिक वाण त्या खाचरात लावलेला होता आणि पीक पोटरीच्या अवस्थेस आले होते.

मी बांधावर पोचलो तेव्हा खाचराचे मालक, वयाने माझ्या वडिलांच्या बरोबरीचे गृहस्थ, पाठीवर पंप चढवून उभे होते. "साहेब, भातावर कोळी पडला आहे. चुडाचुडांतून जाळी धरली आहेत. औषध आणले आहे, आज मारून मोकळा होतो," असे ते म्हणाले. मी बाटली हाती घेऊन पाहिली. ते कोळीनाशक होते. त्यांनी दुकानात "कोळी पडला आहे" एवढेच सांगितले होते आणि दुकानातून कोळ्याचे औषध मिळाले होते. देणाऱ्याने विचारले नाही, घेणाऱ्याने दाखविले नाही.

येथे आपल्या भाषेनेच एक घोटाळा करून ठेविला आहे. मिरची, वांगी, भेंडी यांच्या पानांच्या मागील बाजूस राहून रस शोषणाऱ्या सूक्ष्म किडीस आपण 'लाल कोळी' म्हणतो, आणि जाळे विणून माश्या धरणाऱ्या प्राण्यासही 'कोळी'च म्हणतो. दोघांनाही आठ पाय असतात व दोघे एकाच मोठ्या वर्गातील आहेत, हे खरे. परंतु पहिला पिकाचा रस शोषतो, तर दुसरा पिकाचा शत्रू खातो. पहिला अर्धा मिलिमीटरही भरत नाही, दुसरा सहज दिसतो. कोळीनाशक हे पहिल्यासाठी आहे. दुसऱ्यावर ते मारणे म्हणजे चोर समजून राखणदारास झोडपणे होय.

हे सर्व मी त्यांना समजावून सांगू लागलो, पण पंप काही खांद्यावरून खाली उतरेना. तो उतरविला त्यांच्या नातीने. ही मुलगी कनिष्ठ महाविद्यालयात शिकते आणि जाता-येता बांधावरच्या किड्या-मुंग्यांची जवळून छायाचित्रे घेण्याचा तिला छंद आहे. घरात त्याबद्दल तिला बोलणीही बसत असावीत. तिने आपला मोबाइल पुढे केला व म्हणाली, "आबा, हे कालच आपल्या खाचरात काढले आहे. याच्या तोंडात काय आहे ते बघा." चित्र मोठे करून पाहिले तेव्हा कोळ्याच्या जबड्यात तपकिरी तुडतुडा स्पष्ट दिसत होता. दुसऱ्या चित्रात त्याच जातीची मादी अंड्यांची गोल पिशवी शरीराच्या मागील टोकास चिकटवून चालली होती. तिसऱ्यात तिच्या पाठीवर इवलीइवली पिले दाटीवाटीने बसलेली होती. आबांनी तिन्ही चित्रे दोनदा पाहिली आणि पंप बांधावर टेकविला.

माझ्या पदवीने आणि पदाने जे झाले नाही ते एका छायाचित्राने केले. या लेखाचा विषय तोच आहे. कीटकांची व कोळ्यांची जवळून छायाचित्रे घेण्याचा छंद शहरातील हौशी मंडळींपुरता राहू नये. तो गावोगावच्या तरुणांनी व ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी उचलावा, आणि कोणतेही औषध फवारण्यापूर्वी निदान एक स्पष्ट छायाचित्र घेण्याचा प्रघात पडावा, असे माझे आग्रहाचे मत आहे.

त्या छायाचित्रातील कोळी कोण होता हे प्रथम पाहू. तो लांडगा कोळी होता. तो जाळे विणून वाट पाहात बसत नाही. चुडाच्या बुडाशी, पाण्याच्या पृष्ठभागाजवळ धावत जाऊन भक्ष्य पकडतो. त्याची खूण डोळ्यांत आहे. चेहऱ्यावर खालच्या ओळीत चार बारीक डोळे, त्यांच्या वर दोन मोठे आणि मागे आणखी दोन. साध्या नजरेस हे दिसत नाही, परंतु चांगल्या छायाचित्रात ते मोजता येते. फिलिपाइन्स येथील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने भाताच्या मित्रकीटकांविषयी १९८७ साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तिकेत हा कोळी दिवसाकाठी पाच ते पंधरा भक्ष्ये खातो असे नमूद केले आहे. त्याच्याच जोडीला पानाच्या लांबीशी समांतर, पाय पुढेमागे ताणून काडीसारखा पडून राहणारा लांब जबड्याचा कोळी असतो. पायांवर काटे असलेला व पानावरून पानावर उडी घेणारा लिंक्स कोळीही आढळतो. यांपैकी एकही भाताचे पान खात नाही.

आता तुडतुड्याची गोष्ट पाहू. तपकिरी तुडतुडा आपली अंडी उघड्यावर घालीत नाही, ती पानाच्या खोडास वेढणाऱ्या भागाच्या आत, वनस्पतीच्या पेशींत घालतो. वरून औषध फवारले की उघड्यावर फिरणारे कोळी मरतात, तुडतुड्यांची अंडी खाणारे मिरिड ढेकूणही मरतात, परंतु आतील अंडी सुरक्षित राहतात. आठ-दहा दिवसांनी त्यांतून पिले बाहेर पडतात तेव्हा त्यांना खाणारा कोणीच उरलेला नसतो. मग पीक मधूनमधून गोल चट्ट्यांत जळाल्यासारखे दिसू लागते, आणि औषधाने काम केले नाही असे समजून शेतकरी अधिक जहाल औषध आणतो. इंडोनेशिया या देशाने हा अनुभव फार मोठ्या प्रमाणावर घेतला. तेथे तुडतुड्यांचे उद्रेक वारंवार होऊ लागल्यावर १९८६ साली राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाने ५७ कीटकनाशकांचा भातावरील वापर बंद करण्यात आला, आणि १९८९ पासून शेतकऱ्यांच्या शेतीशाळा सुरू झाल्या. त्या शाळांत शेतकरी आठवड्यातून एकदा शेतात उतरत, चुडांची पाहणी करीत आणि नंतर मोठ्या कागदाभोवती बसून चित्र काढीत. मधोमध भाताचे रोप, एका बाजूस किडी, दुसऱ्या बाजूस मित्रकीटक व कोळी. चित्र पूर्ण झाल्यावरच फवारणी करावयाची किंवा नाही यावर चर्चा होई. आपल्या राज्यातील शेतीशाळांतही अशी निरीक्षणे घेण्याची पद्धत आहे.

हाताने चित्र काढण्यामागचा हेतू आपण नीट ध्यानात घेतला पाहिजे. चित्र सुंदर यावे हा तो हेतू नव्हता. जो प्राणी रेखाटावयाचा त्याच्याकडे पाच मिनिटे टक लावून पाहावे लागते, त्याचे पाय मोजावे लागतात, तो पानाच्या कोणत्या बाजूस होता हे आठवावे लागते. पाहणे घडावे म्हणून रेखाटणे होते. आपल्या देशातील कृषि-कीटकशास्त्राचा पायाही अशाच चित्रांवर उभारला गेला आहे. पुसा येथील संस्थेतून मॅक्सवेल-लेफ्रॉय यांनी १९०९ साली 'इंडियन इन्सेक्ट लाइफ' हा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यातील रंगीत चित्रे संस्थेच्या चित्रकारांनी नमुने समोर ठेवून परिश्रमपूर्वक काढलेली आहेत. आज तेच काम खिशातील मोबाइल करू शकतो. परंतु एका अटीवर: छायाचित्र घेणाऱ्याने त्या चित्रकाराइतका नसला, तरी थोडासा धीर धरला पाहिजे.

हा धीर नसला म्हणजे काय होते, याचे उदाहरण मी स्वतःचेच देतो. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका शेतकऱ्याच्या चवळीच्या पिकावर मावा पडल्याची तक्रार आली. पानांवर माव्याबरोबर करड्या-काळ्या रंगाच्या, नारिंगी ठिपक्यांच्या, सहा पायांवर चपळाईने फिरणाऱ्या अळ्या दिसल्या. मी घाईत होतो. 'मावा व पाने खाणाऱ्या अळ्या' असे टिपून मी फवारणीची शिफारस केली आणि पुढील गावी गेलो. त्या अळ्या ढालकिड्याच्या, म्हणजे लेडीबर्ड भुंगेऱ्याच्या होत्या, आणि त्या माव्यावरच ताव मारीत होत्या. पदवीच्या परीक्षेत या किड्याच्या जीवनक्रमाची आकृती मी बिनचूक काढली होती. परंतु वहीतील आकृती व पानावरील जिवंत प्राणी यांची गाठ माझ्या मनात पडलेली नव्हती. पंधरवड्यात मावा पूर्वीपेक्षा अधिक जोमाने परतला. त्या शेतकऱ्याने दुसरी फवारणी स्वखर्चाने केली, मला एका शब्दाने दोष दिला नाही, आणि म्हणूनच ती गोष्ट मला आजही बोचते. त्या दिवशी मी एक छायाचित्र घेऊन कोणा जाणत्यास दाखविले असते, तर त्याचे पैसे वाचले असते व ढालकिडेही वाचले असते.

ढालकिड्यांचे कुटुंब मोठे शिकवण देणारे आहे, कारण त्यात मित्र व शत्रू शेजारी शेजारी नांदतात. माव्यावर जगणारा ढालकिडा गुळगुळीत, चकचकीत असतो. वांग्याची पाने खरवडून जाळीदार करणारा एपिलॅक्ना भुंगेरा त्याचाच भाऊबंद आहे. पण त्याच्या पाठीवर बारीक लव असल्यामुळे तो निस्तेज दिसतो आणि त्याच्या एका सामान्य जातीवर अठ्ठावीसपर्यंत ठिपके असतात. त्याची अळी पिवळी असून अंगावर फाटे फुटलेले काटे असतात. मित्राच्या अळीवर असे फांदीदार काटे नसतात. उभ्याने पाहिले तर दोन्ही 'ठिपक्यांचे किडे'च वाटतात. जवळून घेतलेल्या चित्रात मात्र लव, काटे व चमक यांचा निकाल ताबडतोब लागतो.

दुसरे उदाहरण मक्यावरील अमेरिकन लष्करी अळीचे. ही परदेशी कीड २०१८ साली भारतात प्रथम कर्नाटकात आढळली व त्याच वर्षी महाराष्ट्रातही पोचली. मक्याच्या पोंग्यात अनेक प्रकारच्या अळ्या असू शकतात. परंतु हिच्या डोक्यावर इंग्रजी 'वाय' अक्षर उलटे काढल्यासारखी फिकट खूण असते आणि शेपटाकडील शेवटून दुसऱ्या भागावर चार काळे ठिपके चौकोनात मांडलेले असतात. या दोन खुणा दिसतील असे छायाचित्र मिळाले, तर शंभर कोसांवर बसलेल्या तज्ज्ञासही निदान करता येते. 'मक्यात अळी आहे' या दूरध्वनीवरील वाक्यावरून ते कोणासही करता येत नाही.

छायाचित्राचे उपयोग यावरून स्पष्ट व्हावेत. ते पाहणाऱ्याला थांबावयास लावते. ते शेतातील पुरावा आहे तसा जाणत्यापर्यंत पोचविते, अळी डबीत गुदमरून काळी पडण्याची वेळ येत नाही. आणि ते स्मरणात राहते. गेल्या वर्षी ही कीड कोणत्या आठवड्यात, कोणत्या खाचरात दिसली, हे तारखेसह सांगणारी नोंद हाती राहते.

हे सर्व करण्यासाठी महागडा कॅमेरा लागतो अशी समजूत आहे, ती बरोबर नाही. हौशी छायाचित्रकार ज्याला मॅक्रो म्हणतात, त्यात कीटकाची प्रतिमा कॅमेऱ्यातील पटलावर त्याच्या प्रत्यक्ष आकाराएवढी उमटवितात व त्यासाठी खास भिंगे वापरतात. ती कला श्रेष्ठ आहे, परंतु ओळख पटविण्यासाठी तेवढे आवश्यक नाही. साधा मोबाइल पुरतो. फार लहान किडीसाठी मोबाइलच्या डोळ्यापुढे साधे बहिर्गोल भिंग धरावे किंवा चिमट्याने बसविण्याचे लहान भिंग वापरावे.

पद्धतीसंबंधी अनुभवाच्या चार गोष्टी सांगतो. वेळ सकाळची निवडावी. दव असताना व ऊन तापण्यापूर्वी कीटक गारठलेले व मंद असतात, चतुरासारखा चपळ प्राणीही तेव्हा स्वस्थ बसलेला सापडतो. प्रथम संपूर्ण चुडाचे किंवा फांदीचे, नुकसान दिसेल असे चित्र घ्यावे, आणि मग जवळ जावे. जवळ जाताना आपली सावली प्राण्यावर पडू देऊ नये आणि उभ्याने न घेता त्याच्या पातळीवर वाकून घ्यावे. एका हाताने पान स्थिर धरावे, कारण इतक्या जवळून वाऱ्याची झुळूकही चित्र पुसट करते. जवळच्या चित्रात फारच थोडी खोली स्पष्ट येते, म्हणून पाठ, बाजू व चेहरा अशी निदान तीन चित्रे निरनिराळी घ्यावीत. कोळी असेल तर डोळे स्पष्ट यावेत. उजेड प्रखर असल्यास पातळ पांढरा कागद आड धरावा. आकार कळावा म्हणून शेजारी भाताचा दाणा किंवा काडीपेटीतील काडी ठेवावी. चित्रासोबत तारीख, गाव, पीक, पिकाचे वय आणि प्राणी रोपाच्या कोणत्या भागावर होता हे टिपून ठेवावे. नोंदीवाचून छायाचित्र म्हणजे पत्त्यावाचून पत्र.

दोन पथ्येही सांगितली पाहिजेत. नुकतीच फवारणी झालेल्या शेतात छायाचित्रासाठी शिरू नये. तसेच चित्र चांगले यावे म्हणून कीटकास बर्फात गारठविणे, चिकटविणे, त्याचे पंख वा पाय उपटणे असले प्रकार करू नयेत. केसाळ अळ्या व गांधीलमाश्या यांना हात लावू नये.

या विचाराविरुद्ध आक्षेप घेतले जातील याची मला कल्पना आहे. पहिला आक्षेप असा की, शेतकऱ्यास कामाच्या धबडग्यात किड्यांची चित्रे काढीत बसण्यास वेळ कोठला? याचे उत्तर हिशेबात आहे. पंप भरणे, पाणी वाहणे, एक एकर फवारणे यांत अर्धा दिवस जातो, औषधाचे पैसे जातात ते निराळेच. दहा मिनिटांच्या पाहणीने त्यांपैकी एक फवारणी वाचली, तरी वेळ सत्कारणी लागला. शिवाय फवारणीची किंमत नुसती पैशांत होत नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले आणि शेकडो जणांना रुग्णालयात न्यावे लागले. त्या दुर्घटनेची कारणे अनेक होती. परंतु जी फवारणी करावीच लागली नाही तिच्यापासून कोणासही विषबाधा होत नाही, ही गोष्ट निर्विवाद आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे, आणि तो माझ्या स्वतःच्याच मनातला आहे. छायाचित्र ओळख देते, संख्या देत नाही. एका तुडतुड्याचे चित्र कितीही स्पष्ट असले, तरी शेतात तसे किती आहेत हे ते सांगत नाही. फवारणीचा निर्णय संख्येवर अवलंबून असतो. तुडतुड्यांच्या बाबतीत चुडामागे साधारणपणे पाच ते दहा, तर खोडकिड्याच्या बाबतीत चौरस मीटरला एक अंडीपुंज किंवा शंभरात पाच फुटवे सुकलेले, ही मर्यादा ओलांडली असेल तरच औषधाचा विचार करावयाचा. छंदी माणसाचा डोळा सुंदर किंवा विचित्र प्राण्याकडे वळतो. चुडाच्या बुडाशी अंधारात बसलेला तुडतुडा त्याला आकर्षित करीत नाही. रात्री बाहेर पडणारी लष्करी अळी दिवसाच्या चित्रात येतच नाही. किडींच्या अंड्यांत आपली अंडी घालणारी ट्रायकोग्रामाची माशी तर अर्ध्या मिलिमीटरएवढी असते, ती मोबाइलच्या आवाक्यापलीकडची आहे. म्हणून छायाचित्रास साक्षीदार मानावे, न्यायाधीश मानू नये. साक्ष घेतल्यावर खाचराच्या निरनिराळ्या भागांतील चूड मोजलेच पाहिजेत.

तिसरा आक्षेप नव्या काळाचा आहे. आता छायाचित्र पाठविताच संगणक किडीचे नाव सांगतो, मग आपण ओळखावयास कशाला शिकावे? केंद्र शासनाने १५ ऑगस्ट २०२४ रोजी राष्ट्रीय कीड निगराणी प्रणाली सुरू केली असून तीत छायाचित्रावरून निदानाची सोय आहे. महाराष्ट्रात २००८ साली सोयाबीनवर पाने खाणाऱ्या अळ्यांचा मोठा उद्रेक झाल्यानंतर २००९-१० पासून क्रॉपसॅप या प्रकल्पाखाली पिकांची नियमित पाहणी करून सल्ले देण्याचा उपक्रम सुरू झाला. ही साधने मोलाची आहेत व त्यांचा लाभ अवश्य घ्यावा. परंतु यंत्रास जे चित्र द्यावे त्यावरच त्याचे उत्तर अवलंबून असते. पुसट चित्रावर, किंवा ढालकिड्याच्या अळीचे चित्र 'माझ्या पिकावरील कीड' म्हणून पाठविल्यावर, योग्य सल्ला मिळेलच याची शाश्वती नाही. चांगले प्रश्न विचारण्यासाठीही थोडे ज्ञान लागते, आणि ते ज्ञान बांधावरच्या पाहणीनेच येते.

ज्ञानाची ही वाट पुढे कोठपर्यंत जाते, हेही तरुण वाचकांस कळावे. भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेचे पश्चिम विभागीय केंद्र आकुर्डीस आहे, म्हणजे घोरावाडीहून पुण्याकडे जाताना चौथ्या-पाचव्या मिनिटाला नव्हे, तरी त्याच लोहमार्गावर थोड्याच स्थानकांच्या अंतरावर. या संस्थेचे डॉ. बी. के. टिकाडर यांनी पुण्यात असताना महाराष्ट्रातील कोळ्यांचा कसून अभ्यास केला. पुढे ते संस्थेचे संचालक झाले आणि १९८७ साली भारतीय कोळ्यांवरील त्यांचा परिचयग्रंथ प्रसिद्ध झाला. आणि हे काम संपले आहे असेही नाही. ठाणे परिसरात सापडलेल्या, उडी मारून शिकार करणाऱ्या एका कोळ्याची जात विज्ञानास नवी ठरली. २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबईवरील हल्ल्यात निःशस्त्र असताना अतिरेक्यास घट्ट धरून ठेवणारे हुतात्मा पोलीस तुकाराम ओंबळे यांच्या स्मरणार्थ २०१९ साली त्या जातीस 'इसिअस तुकारामी' हे नाव देण्यात आले. भरवस्तीच्या परिसरात जर नवी जात सापडू शकते, तर मावळच्या बांधांवर, लोणावळ्याच्या चार हजार मिलिमीटरहून अधिक पावसात भिजणाऱ्या डोंगरउतारांवर काय काय असेल! अर्थात नवी जात केवळ छायाचित्राने ठरत नाही, त्यासाठी नमुना व तज्ज्ञांचा अभ्यास लागतो. परंतु पहिली चाहूल कित्येकदा कोणा छंदिष्टाच्या डोळ्यालाच लागते.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांपुढे मी तीन सूचना ठेवू इच्छितो. आपल्या कार्यक्षेत्रातील प्रत्येक गावात छायाचित्रणाची आवड असलेली दोन-तीन मुले-मुली असतातच. त्यांना हेरून शेतीशाळेच्या दिवशी सोबत घ्यावे आणि पाहणीतील चित्रे घेण्याचे काम त्यांच्यावर सोपवावे. त्यांनी जमविलेल्या चित्रांतून गावाचा स्वतःचा संग्रह तयार करावा. एका बाजूस किडी, दुसऱ्या बाजूस मित्र, खाली मराठी नाव व दिसल्याची तारीख. असा संग्रह ग्रामपंचायतीच्या किंवा शाळेच्या भिंतीवर लावावा. छापील भित्तिपत्रकावरचा परगावचा किडा आणि आपल्याच खाचरातील, आपल्याच मुलीने टिपलेला किडा यांत फरक आहे. दुसऱ्यावर शेतकऱ्याचा विश्वास लवकर बसतो. आणि शेवटची सूचना स्वतःस लागू करावयाची आहे. शेतकऱ्यास औषधाचे नाव लिहून देण्यापूर्वी 'छायाचित्र दाखवा व चूड मोजा' असे म्हणण्याची सवय आपण लावून घ्यावी. शेतकरी बंधूंनीही औषध घेताना दुकानात नुसते नाव न सांगता चित्र दाखवावे, म्हणजे 'कोळी' या एका शब्दापायी भलतीच बाटली घरी येणार नाही.

घोरावाडीच्या त्या खाचरात त्या सकाळी आम्ही तिघांनी मिळून निरनिराळ्या ठिकाणचे चूड वाकवून पाहिले. तुडतुडे होते, परंतु मर्यादेच्या बरेच खाली होते, आणि जवळजवळ प्रत्येक चुडात कोळी होता. फवारणी झाली नाही. दर आठवड्यास पाहणी करावयाची असे ठरले व ते काम नातीकडे गेले. पुढे शेजारच्या एका खाचरात तुडतुड्यांनी मर्यादा ओलांडली तेव्हा तेथे औषध द्यावे लागले, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे, कारण औषधाशी आपले वैर नाही. वैर आहे ते न पाहता केलेल्या फवारणीशी. आबांच्या खाचरातील भात मात्र औषधाच्या थेंबाविना कापणीस आला. मळणीच्या दिवशी भेट झाली तेव्हा ते कोळीनाशक न उघडताच परत केल्याचे त्यांनी सांगितले. मग नातीकडे पाहून म्हणाले, "साहेब, हिला आता मोबाइल घेऊन बांधावर जाऊ नको म्हणत नाही. उलट, आज गेली होतीस का, म्हणून विचारतो."